जागा घटल्या तरी कार्यशाळेची जमीन सोडू नका

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी विभागाचे प्रमुखपद नुकतेच स्वीकारले आहे. मंजूर ६० जागांपैकी गेल्या वर्षी २३ भरल्या. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की ३० जागा संगणक शाखेकडे वळवाव्यात आणि कार्यशाळेचा पूर्वेकडील अर्धा भाग रिकामा करून तेथे संगणक प्रयोगशाळा उभारावी. त्याबदल्यात यंत्र विभागाच्या आधुनिकीकरणासाठी दहा लाख रुपये मिळतील. हे पैसे कशावर खर्च करावेत आणि पुढील पाच वर्षांत विभागाची वाढ कशी व्हावी, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. जागा द्या, पण कार्यशाळेची जमीन देऊ नका. जागा पुन्हा मागता येतात. यंत्रांचा पाया एकदा उखडून त्यावर फरशी बसली की तेथे लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, परत येत नाही, हे मी शेजारच्या दोन महाविद्यालयांत पाहिले आहे. दहा लाखांचे कसे करावे ते पुढे सांगतो. त्याआधी विभागाची वाढ म्हणजे काय, याबद्दल माझी समजूत कशी बदलत गेली ते सांगणे आवश्यक आहे, कारण माझा सल्ला त्यातूनच आलेला आहे.

मी १९८७ साली अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो तेव्हा आपल्या भागातील ग्रामीण अभियांत्रिकी शिक्षण अगदी कोवळे होते. त्यापूर्वी आपल्याकडच्या मुलाला यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यायची तर १९६० साली स्थापन झालेले नागपूरचे विश्वेश्वरय्या प्रादेशिक महाविद्यालय किंवा १९६४ सालचे अमरावतीचे शासकीय महाविद्यालय, असे मोजकेच पर्याय होते. १९८३ साली विनाअनुदानित महाविद्यालयांची वाट खुली झाली आणि त्या एकाच वर्षात शेगाव, पुसद, बडनेरा व सेवाग्राम येथे अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली; अमरावती विद्यापीठाची स्थापनाही १ मे १९८३ चीच. या नव्या विभागांकडे इमारती अपुऱ्या होत्या आणि ग्रंथालये लहान होती, पण कार्यशाळा मात्र पहिल्या वर्षापासून उभ्या होत्या, कारण त्याशिवाय मान्यता मिळत नसे. आमच्याकडे पाच लेथ, एक शेपर, एक मिलिंग मशीन, लोहारकामाची भट्टी आणि साचेकामाची रेती एवढे होते. २० विद्यार्थ्यांची एक बॅच, म्हणजे एका लेथवर चौघे. दोन तासांच्या प्रात्यक्षिकातून हजेरी, जॉबचे, म्हणजे कातायच्या तुकड्याचे, वाटप आणि शेवटची साफसफाई वजा केली की १०० मिनिटे उरत. प्रत्येकाच्या वाट्याला २५ मिनिटे येत आणि सत्राअखेरीस बहुतेकांना स्टेप टर्निंग व आटे पाडणे बऱ्यापैकी जमे.

पुढे २०१० च्या सुमारास यंत्र शाखेला एवढी मागणी आली की आमच्या जागा ६० वरून १२० झाल्या. तेव्हा सगळ्यांनीच, मीसुद्धा, याला विभागाची भरभराट मानले. नवी इमारत झाली, फलक बदलला, शिक्षकांची संख्या वाढली. लेथ मात्र पाचच राहिले आणि वेळापत्रकात जागा नसल्याने बॅच ३० ची झाली. एका लेथवर सहा जण, प्रत्येकाला जेमतेम १६ मिनिटे. एवढ्या वेळात चकमध्ये जॉब सरळ धरून टूलचे टोक सेंटरच्या उंचीला आणावे आणि फेसिंगचा पहिला कट घ्यावा, तोवर पुढच्याची पाळी येते. मग एकाने जॉब करायचा आणि पाच जणांनी तो मोजून जर्नलमध्ये उतरवायचा, अशी रीत पडली. कागदावर विभाग दुप्पट झाला होता आणि विद्यार्थ्याच्या हाताला मिळणारा यंत्राचा वेळ तिसऱ्या हिश्श्याने घटला होता. त्या वर्षांतील काही विद्यार्थी आजही भेटतात. त्यांच्या शिक्षणात जे राहून गेले त्याची खंत मला वाटते, कारण त्या वेळी वेळापत्रक मीच आखत होतो.

तेव्हापासून विभागाची वाढ मी एकाच मापाने मोजत आलो आहे: एका विद्यार्थ्याला चार वर्षांत प्रत्यक्ष यंत्रावर किती मिनिटे मिळतात आणि विभागातील प्रत्येक यंत्र आठवड्याला किती तास चालते. त्या दृष्टीने आपल्या २३ विद्यार्थ्यांकडे पाहा. १२ आणि ११ अशा दोन बॅचेस केल्या आणि आपल्याकडे पाच लेथ चालू स्थितीत असले, तर प्रत्येकाला ४० मिनिटांहून अधिक मिळतात. १९८७ साली आम्हाला जे देता आले नाही ते आपण आज देऊ शकता, मात्र त्यासाठी कार्यशाळा शाबूत हवी.

जागा सोडण्याची किंमत आहे आणि ती आपल्याला ठाऊक असायला हवी. शिक्षकांची पदे मंजूर जागांच्या प्रमाणात ठरतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केले, तेव्हाच अनेक विभागांतील पदे कमी झाली होती. जागा निम्म्या केल्या की ती आणखी निम्मी होतील. २०२४ पासून चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांना एका शाखेतील जागांची पूर्वीची कमाल मर्यादाही राहिलेली नाही, त्यामुळे संगणक शाखेचा ओढा नजीकच्या काळात थांबेल असे समजू नये. म्हणून जागा देताना कोणती पदे टिकवायची याचा लेखी ठराव त्याच बैठकीत करून घ्यावा. उष्णता, यंत्ररचना आणि उत्पादन या तिन्हींचा प्रत्येकी एक पक्का शिक्षक आणि चौथा असा की ज्याला यंत्राला संवेदक व नियंत्रक जोडता येतो, हे चौघे असले तर विभाग उभा राहतो. तासिका तत्त्वावरील तरुण शिक्षक मनापासून शिकवतात, परंतु पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडून प्रयोगशाळा उभारून घेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

या चौघांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा माणूस म्हणजे कार्यशाळेचा निदेशक. आमच्याकडे आयटीआय झालेले एक टर्नर निदेशक होते. लेथच्या आवाजावरून हेडस्टॉकमधील बेअरिंग सैल झाले आहे की पट्टा घसरतो आहे हे ते दारातून सांगत. ते निवृत्त झाल्यावर ते पद भरले गेले नाही आणि त्यांचे काम एका प्रयोगशाळा सहायकाकडे गेले, ज्याला प्रवेशाच्या हंगामात कार्यालयातही बसावे लागे. दोन वर्षांत पाचपैकी तीन लेथ बंद पडले. त्यात दुरुस्त न होण्यासारखे काहीही नव्हते. आपल्या निदेशकांचे वय काय आहे आणि त्यांच्या हाताखाली कोणी शिकतो आहे का, हे आजच पाहा.

आता दहा लाखांबद्दल. व्यवस्थापन आपल्याला एखादे मोठे, पाहुण्यांना दाखवता येईल असे यंत्र घेण्याचा आग्रह करील. आमच्या विभागाने २००६ च्या सुमारास असाच एक सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारा, लेथ घेतला. पुरवठादाराने तो बसवून दिला, दोन दिवस प्रशिक्षण दिले आणि तो गेला. तो काळ ग्रामीण महाराष्ट्रातील भारनियमनाचा होता. थ्री-फेज वीज कधी पहाटे येई, कधी दुपारी, आणि आली तरी दाब स्थिर नसे. अशा स्थितीत यंत्र उन्हाळी सुट्टीभर बंद राहिले. कंट्रोलरच्या स्मृतीला आधार देणारी बॅटरी त्या दरम्यान संपली आणि साठवलेले सगळे पॅरामीटर पुसले गेले. तंत्रज्ञ पुण्याहून येणार, त्याच्या येण्याजाण्याच्या खर्चाची तरतूद नाही, म्हणून एक वर्ष पत्रव्यवहारात गेले. दोन वर्षांत त्या यंत्रावर विद्यार्थ्यांना जो वेळ मिळाला तो बोटांवर मोजण्याइतका होता. सीएनसी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही, परंतु सर्व्हो स्टॅबिलायझर, चांगले अर्थिंग, वार्षिक देखभालीचा करार आणि ते यंत्र रोज चालवणारा माणूस या चार गोष्टींची तजवीज आधी असेल तरच घ्यावे.

माझा क्रम असा राहील. पहिला खर्च कार्यशाळेच्या वायरिंगवर, अर्थिंगवर आणि जुन्या लेथच्या दुरुस्तीवर करावा: लीड स्क्रू, हाफ नट, झिजलेले चक, बेडचे घासकाम. दुसरा खर्च मोजमापाच्या साधनांवर करावा, कारण आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत व्हर्निअरचे जबडे सैल असतात आणि स्लिप गेजचा संच गंजलेला असतो; ज्या विद्यार्थ्याला मायक्रोमीटरचा शून्यदोष तपासण्याची सवय नाही तो कारखान्यात पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. तिसरा खर्च लोडसेल, थर्मोकपल, दाबमापक आणि त्यांच्या नोंदी घेणारे स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड यांवर करावा. एक-दोन लहान थ्रीडी प्रिंटर शेवटी घ्यावेत. संगणकीय रेखाटनासाठी आणि प्रवाहाच्या गणितासाठी महागडे परवाने विकत घेण्याची घाई करू नये; फ्रीकॅड किंवा ओपनफोम यांसारखी मुक्त साधने पदवीच्या कामाला पुरतात, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे कितीतरी धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर गेले याचे मला दुःख नाही. मात्र पहिल्या सत्रात हाताने काढलेले सहा-सात तक्ते राहू द्यावेत, कारण तिसऱ्या कोनातील प्रक्षेपण पडद्यावर आपोआप उमटलेले पाहून डोळ्याला जे कळत नाही ते पेन्सिलीने काढताना कळते.

ज्या बदलाला पैसा सर्वांत कमी लागतो आणि ज्याने आमच्या विभागात सर्वाधिक फरक पडला तो म्हणजे आसपासच्या यंत्रांना अभ्यासक्रमात आणणे.

उन्हाळ्यातला कूलर घ्या. आपल्याकडे मार्च संपता संपता प्रत्येक घराच्या खिडकीला तो लागतो, आणि तालुक्याच्या प्रत्येक गावात पत्र्याचे कूलर बनवणारी दोन-चार दुकाने असतात. प्रशीतन व वातानुकूलन हा विषय शिकवताना आम्ही अनेक वर्षे पुस्तकातील उदाहरणे सोडवत असू आणि वर्गात मात्र कूलर चालू असे. एका वर्षी कूलरलाच प्रयोगाच्या मेजावर आणले. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा ४५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओले कापड गुंडाळलेल्या तापमापीचे वाचन २४ अंशांच्या आसपास येते. कूलरची परिणामकता ७५ टक्के धरली तर आत येणारी हवा २९ अंशांची असायला हवी, म्हणजे १६ अंशांची घट. विद्यार्थी मोजायला लागले की ती तेवढी का येत नाही याची कारणे त्यांना स्वतःलाच सापडू लागतात: लाकडाच्या बारीक पट्ट्यांचे गवत एका बाजूला दबलेले आहे, पाण्याच्या नळीची भोके क्षाराने बुजली आहेत, पंखा हवा ओढतो ती गवतातून न येता कोपऱ्यातील फटीतून येते. मग पाण्याचा हिशोब करावा. ताशी ३,००० घनमीटर हवा १६ अंशांनी थंड करायची तर तासाला सुमारे २२ लिटर पाण्याची वाफ होते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तेथील मुलांना हा आकडा पुन्हा सांगावा लागत नाही. याच प्रयोगातून गवत आणि कागदी मधमाशी-पोळ्याचे पॅड यांची तुलना करणारा एक प्रकल्प झाला, आणि गावातील एका कूलर बनवणाऱ्या मिस्त्रींनी तो अहवाल वाचून घेऊन आपल्या नळीची रचना बदलली. विभागाचे बाहेरच्या कोणासाठी केलेले ते पहिले तांत्रिक काम होते. त्याचे मोल पैशात फारसे नव्हते, पण त्या चार विद्यार्थ्यांनी त्यानंतर आर्द्रता-आलेख पाठ करावा लागतो अशी तक्रार केली नाही.

जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचे, क्षेत्र याहून मोठे आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखात असूनही आमच्या अभ्यासक्रमात जिनिंग यंत्राचे नावही नव्हते. डबल रोलर जिनमध्ये कातड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बनवलेले दोन रोलर फिरत असतात. रोलरचा खरबरीत पृष्ठभाग धागा धरून स्थिर सुरीच्या खाली ओढतो आणि वरखाली हलणारी सुरी सरकीला मागे ढकलते. रुई एका बाजूला आणि सरकी दुसऱ्या बाजूला पडते. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि तिची १७० किलोची गाठ बांधली जाते. एवढ्या वर्णनात यंत्र अभियांत्रिकीचे निम्मे विषय येतात: सुरीच्या हालचालीसाठी यंत्रगतिशास्त्र, रोलर व सुरीमधील दाबासाठी घर्षण व झीज, सततच्या आघातासाठी पदार्थाची थकवा-मर्यादा, आणि कापूस हवेच्या झोताने नळीतून वाहून नेण्यासाठी प्रवाहगतिशास्त्र. रोलरवरील चरे बुजले की उतारा घटतो आणि ते पुन्हा पाडावे लागतात. ते किती तासांनी पाडावेत याचे उत्तर गावच्या जिनमधील फिटर अनुभवाने देतो. ते मोजून सांगणे हे आपल्या विद्यार्थ्याचे काम आहे. क्रोमने कमावलेल्या कातड्याची भुकटी रुईत मिसळते म्हणून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमविरहित रोलरवर काम केले, आणि त्या संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरलाच आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथे एक आठवडा पाठवणे कोणत्याही विभागाला शक्य आहे. डाळमिलचेही तसेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, म्हणजे पीकेव्हीची, लहान डाळमिल खेडोपाडी बचत गटांनी घेतलेली आहे. तिच्या रोलरची झीज, तुरीची आर्द्रता आणि तुकड्याचे प्रमाण यांचा संबंध मोजायला विभागातील तराजू आणि ओव्हन पुरेसे आहेत.

औष्णिक विजेबाबत मात्र आपण फार मागे पडलो होतो. चंद्रपूरच्या केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे, आणि कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच सुपरक्रिटिकल दाबावर, म्हणजे २२१ बारच्या वर, चालतात. तेथे पाणी आणि वाफ वेगळी करणारा ड्रम नसतो, कारण त्या दाबाला उकळण्याची अवस्थाच उरत नाही. आमचे विद्यार्थी मात्र लँकेशायर व कॉक्रन या जुन्या बॉयलरच्या आकृत्या घोकून उत्तीर्ण होत होते आणि कोराडीला सहलीला गेले की ड्रम कुठे आहे असे विचारीत होते. जुन्या बॉयलरचा इतिहास एका तासात सांगावा आणि उरलेला वेळ वाफेच्या तक्त्यांतील त्या वरच्या टोकाला द्यावा, ही सूचना मी अभ्यासमंडळात मांडली होती. ती मान्य व्हायला अनेक वर्षे लागली. आपल्याकडे स्वायत्तता असेल तर वाट पाहू नका. परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीचे एकूण श्रेयांक १६० वर आणले, ते ओझे कमी करण्यासाठीच. त्या मोकळ्या झालेल्या जागेत नवी नावे भरण्याऐवजी जुन्या विषयांची दुरुस्ती करता येते. केवळ शाखेच्या नावापुढे रोबोटिक्स हा शब्द जोडून प्रवेश वाढवण्याचा मार्ग मला पटत नाही. दोन वर्षे जागा भरतात आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थीच खालच्या वर्गाला सांगतात की रोबोट एकच आहे आणि तो कपाटात आहे.

संशोधनाबद्दल आपण विचारले नाही, तरी विभागप्रमुखाला त्याचे उत्तर द्यावेच लागते. आपल्या प्रदेशात त्याला भक्कम परंपरा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पांच्या हाती सुरू झाले, तेव्हापासून गावच्या यंत्राचा शास्त्रशुद्ध विचार येथे झाला आहे. नागपूरचे प्रा. जे. पी. मोडक यांनी मानवी शक्तीवर चालणाऱ्या गतिचक्राची रचना मांडली. माणूस सलग काम करताना सुमारे ७५ वॉटच देऊ शकतो. पण पायडल मारून त्याने एक-दोन मिनिटे चाकात ऊर्जा साठवली आणि मग क्लचने ती काही सेकंदांत विटांच्या यंत्राला दिली, तर काही अश्वशक्तीचे काम होते. विदर्भातील अनेक महाविद्यालयांत या कल्पनेवर पीएच.डी.ची कामे झाली, आणि साधी कार्यशाळा असलेल्या विभागालाही प्रायोगिक संशोधन करता येते हे त्यातून दिसले. मार्गदर्शक म्हणून एक दक्षता मात्र आपण घ्यावी. प्रयोगातून मिळालेले समीकरण ज्या यंत्रावर बसवले त्याच यंत्रावर तपासून थांबू नये. निदान एक वेगळ्या आकाराचे यंत्र बनवून त्यावर ते टिकते का हे पाहावे. तेवढ्यासाठीसुद्धा पुन्हा लेथच लागतो.

एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मूल्यांकनाविषयी थोडक्यात लिहितो. १३ जून २०१४ रोजी भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य झाला आणि त्यानंतर फलिताधारित शिक्षणाची कागदपत्रे प्रत्येक विभागात सुरू झाली. ती भरण्यात शिक्षकांचे फार तास जातात. तरीही त्या तक्त्यांमुळे मला एक गोष्ट कळली जी एरवी कळली नसती: पदार्थबल या विषयात आमचे विद्यार्थी सिद्धान्तात नव्हे, तर प्रश्नाचे इंग्रजी वाक्य समजण्यात अडत होते. त्यानंतर आम्ही प्रत्येक प्रकरणाचा पहिला तास पूर्ण मराठीत घेऊ लागलो. बीमवरचा भार समजावताना बैलगाडीच्या जूचे उदाहरण दिले की वाकवणारा आघूर्ण कुठे अधिक असेल हे मुले स्वतः सांगत. संज्ञा मात्र इंग्रजीतच ठेवल्या. २०२१ पासून परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे, त्यामुळे हे आता चोरून करावे लागत नाही.

विद्यार्थी कोण आहेत, हेही बदलले आहे. पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले हाताने तयार असतात आणि गणितात घाबरतात. बारावीहून आलेल्यांचे नेमके उलटे असते. त्यांना एकाच लेथवर जोडीने उभे करावे, दोघांचाही फायदा होतो. मुलींची संख्या आमच्याकडे अनेक वर्षे शून्य होती. पहिली जी आली तिच्या वडिलांचे वेल्डिंगचे दुकान होते, आणि पहिल्याच दिवशी तिने निदेशकांना विचारले की इलेक्ट्रोड ओला का आहे. तिच्यानंतर दर वर्षी दोघी-तिघी येऊ लागल्या. प्रवेशाच्या काळात त्यांच्या पालकांना कार्यालयात न बसवता कार्यशाळेत न्यावे, असा माझा अनुभव आहे. तेथे चालू यंत्रे, स्वच्छ फरशी आणि विचारपूस करणारा निदेशक दिसला की पालकांची बरीच शंका दूर होते.

नोकऱ्यांबद्दल व्यवस्थापन आकडे मागेल. नागपूरजवळचा ट्रॅक्टर कारखाना, भंडारा, अंबाझरी व चांदा येथील आयुध निर्माणी, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी आणि बुटीबोरीतील लहान-मोठे उद्योग यांना फिटर आणि संगणक यांच्या मधला माणूस हवा असतो: ज्याला रेखाचित्र वाचता येते, माप घेता येते, आणि बंद पडलेल्या यंत्राजवळ उभे राहून प्रथम काय तपासावे हे सुचते. २३ जणांपैकी १५ जण असे तयार झाले तरी पुढच्या वर्षी तेच आपल्या गावात विभागाची माहिती देतात, आणि आमच्याकडे प्रवेश पुन्हा वाढले ते याच वाटेने, सावकाश.

तेव्हा व्यवस्थापनाच्या बैठकीला जाताना यंत्रांची यादी नेऊ नका. येत्या पंधरवड्यात निदेशकांना बरोबर घेऊन प्रत्येक यंत्रावर एक वही टांगा आणि ते रोज किती तास चालले याची नोंद सुरू करा. बैठकीत ती वही पुढे ठेवा आणि कार्यशाळेचा पूर्वेकडील भाग आपल्याला का हवा आहे ते तिच्यातून दाखवा. संगणक प्रयोगशाळेसाठी पर्यायी जागाही आपणच सुचवा. यंत्र शाखेच्या मागणीच्या काळात बांधलेल्या वर्गखोल्यांपैकी दोन आपल्याकडेही रिकाम्या असतीलच, आणि वरच्या मजल्यावरील खोलीत धूळ कमी येते. दिवाळीनंतर कापूस जिनमध्ये येऊ लागला की मालकांना बोलायला वेळ नसतो, म्हणून गावच्या जिनच्या मालकांना पोळ्यापूर्वीच भेटून घ्या. यंत्रे उघडून दुरुस्तीला घेतलेली असतात, आणि विद्यार्थ्यांना रोलर हातात घेऊन पाहता येतो तो याच दिवसांत.